पुनर्विकासाच्या फाइलीत वयाचा रकाना हवा : महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि
इमारत प्रस्ताव विभाग (पूर्व उपनगरे), विक्रोळी येथील सर्व अभियंते

विषय : मुलुंड पूर्व येथील तीन गृहनिर्माण संस्थांचा एकत्रित पुनर्विकास आणि त्यातील ज्येष्ठांची घरे

महोदय,

मुलुंड पूर्वेला नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीत एकमेकींना लागून असलेल्या तीन गृहनिर्माण संस्थांनी एकत्र पुनर्विकास करायचे ठरवले आहे. प्रस्ताव लवकरच आपल्याकडे छाननीला येईल. त्यात दोन विंग आहेत. मोठ्या विंगमध्ये आम्ही जुने सभासद, आणि आमच्या डोक्यावर विक्रीची कुटुंबांसाठीची घरे. लहान विंग बिल्डर 'सीनियर लिव्हिंग' म्हणून विकणार आहे. तिथे खाली डॉक्टरची खोली, फिजिओथेरपी, सामायिक जेवणघर आणि पलंगापाशी मदतीची घंटा. मी या तिन्हींपैकी एका संस्थेची सभासद आहे, सत्तरीला टेकलेली. नोकरी सगळी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली, आधी ड्राफ्टिंग बोर्डावर आणि मग संगणकावर. त्यामुळे आपल्या खात्याला फाइलीत काय दिसते आणि काय दिसत नाही, याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. हे पत्र त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. आमच्या इमारती तळमजला अधिक चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या. पस्तिशीत हौसेने चौथा मजला घेतलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. भाजीची पिशवी दोरीने वर जाते. दवाखान्यात न्यायचे झाले तर माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघे जण जिन्याने उतरवतात आणि प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी झाली की खुर्चीतला माणूस डोळे मिटून घेतो. काही जणींनी तर वर्षानुवर्षे रस्ता पाहिला आहे तो गॅलरीतूनच. तेव्हा लिफ्टची, म्हणजे पर्यायाने नव्या इमारतीची, सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर ती म्हाताऱ्यांनाच. तरीही संस्थेच्या सभेत 'म्हातारेच खोडा घालतात' हे वाक्य हमखास ऐकू येते. माझा अनुभव असा की संमतिपत्रावर सही न करणाऱ्या वृद्धाचे नव्या घराशी काही भांडण नसते. त्याला भीती असते ती मधल्या तीन-चार वर्षांची.

आता फाइलीकडे वळते. पुनर्विकासाच्या प्रस्तावात एरिया स्टेटमेंट, म्हणजे क्षेत्रफळांचा तक्ता असतो. प्रत्येक जुन्या घराचे क्षेत्रफळ दोन दशांश स्थळांपर्यंत. मूळ एफएसआय (भूखंडावर किती बांधता येते ते प्रमाण), प्रीमियम भरून घेतलेला, टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून आणलेला बांधकामाचा हक्क), फंजिबल म्हणजे वरचा जादा ३५ टक्के, त्यातला पुनर्वसनासाठी मोफत किती आणि विक्रीसाठी पैसे भरून किती. गाड्या किती, त्यांतल्या मोठ्या किती, लहान किती. झाडे किती, तोडायची कोणती, हलवायची कोणती. आगीचा बंब वळायला जागा. पावसाचे पाणी मुरवायचे खड्डे. हे सगळे असायलाच हवे आणि ते तपासायला आपल्याकडे चांगली माणसे आहेत. पण त्या घरांत राहतो कोण, याचा रकाना नाही. एखाद्या इमारतीतल्या वीस घरांपैकी अकरा घरांत पंचाहत्तरीपुढची जोडपी किंवा एकटी विधवा राहत असेल, दोघे जण अंथरुणाला खिळलेले असतील, एक जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात असेल, तर यातले काहीही आपल्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. आंब्याचे झाड मात्र पोहोचते. त्याला क्रमांक असतो, खोडाचा घेर असतो, फोटोही असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती. मुलुंड, विलेपार्ले, दादर, बोरिवली इथल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या संस्थांत हे प्रमाण किती असेल, हे कोणत्याही संस्थेच्या सभेत पहिल्या तीन रांगा पाहून कळते. मुले ठाण्याला, पुण्याला, नाहीतर परदेशात. मुंबईत आज पुनर्विकासाला जाणाऱ्या बऱ्याच इमारती ह्या मुळातच नकळत तयार झालेल्या वृद्धांच्या वसाहती आहेत. म्हणून 'कुटुंबांची विंग' आणि 'ज्येष्ठांची विंग' ही बिल्डरने कागदावर केलेली वाटणी मला खटकते. ज्येष्ठ तर दोन्हीकडे आहेत. लहान विंगमधले बाजारभावाने घर घेऊन येणार आहेत आणि मोठ्या विंगमधले आधीपासूनच इथे आहेत, इतकाच फरक.

हा फरक नकाशात किती जाड रेघेने उमटतो ते पाहा. लहान विंगच्या बाथरूमचे दार ९०० मिलिमीटरचे, बाहेर सरकणारे. कमोडच्या शेजारी भिंतीत धरायचा दांडा. जमीन एका पातळीत. मोठ्या विंगमध्ये, आमच्या घरात, बाथरूमचे दार ७५० मिलिमीटरचे, आत उघडणारे, आणि खाली पाणी अडवायला ग्रॅनाइटची उंच पट्टी. म्हातारे माणूस घरात पडते ते बहुधा याच पट्टीपाशी. आणि आत पडले की त्याचेच शरीर दाराला आडवे येते, आत उघडणारे दार ढकलता येत नाही, शेजारी बिजागऱ्या काढत बसतात. एकाच भूखंडावर, एकाच आर्किटेक्टने, एकाच आठवड्यात काढलेली ही दोन बाथरूमे आहेत. आर्किटेक्टला माहीत नाही असे नाही. त्याला एका विंगेसाठी सांगितले गेले आणि दुसरीसाठी कोणी विचारलेच नाही.

लहान विंगसाठी सांगितले गेले, कारण महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवृत्तांची घरे म्हणून जाहीर केलेल्या प्रकल्पाला दारांची रुंदी, लिफ्ट, न घसरणारी फरशी, आधाराचे दांडे हे पाळावे लागते. चांगलेच झाले. पण जुना सभासद हा खरेदीदार नाही. त्याचे घर विक्रीला नाही, त्याच्या घराची जाहिरात नाही, म्हणून त्या तत्त्वांची सावली त्याच्यापर्यंत येत नाही. तो उरतो आपल्या भरवशावर.

आणि आपल्या हातात कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला इमारतीची परवानगी देऊ नये आणि ते पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. 'आस्थापना' या शब्दात त्याच कायद्याने कंपनीही धरली आहे आणि सहकारी संस्थाही. बिल्डर सुटत नाही, आम्हीही सुटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले की किमान मानके सक्तीची करा, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत. प्रत्यक्षात आपल्याकडे प्रवेशद्वाराशी रॅम्प दाखवला आणि एक लिफ्ट मोठी दाखवली की हा विषय संपतो. तो रॅम्पही कित्येकदा ओसी (इमारत वापरायचा दाखला) मिळेपर्यंतच रॅम्प असतो, नंतर त्यावर कुंड्या आणि स्कूटर येतात. घराच्या दाराच्या आत काय आहे, हे कोणी विचारत नाही. सगळीच घरे व्हीलचेअरची करा, असे मी म्हणत नाही. ज्या सभासदाने वयामुळे किंवा आजारामुळे मागितले, त्याच्या घराचे एक बाथरूम आणि तिथपर्यंतची दारे त्या मापाची काढा, आणि उरलेल्या घरांत पुढे दांडा बसवता येईल इतकी भिंत पक्की ठेवा. नकाशावर असताना हे एका दुपारचे काम आहे. भिंत उभी राहिल्यावर तेच काम म्हणजे तोडफोड, सोसायटीची परवानगी आणि खालच्या घराच्या छताला गळती.

मधल्या काळाबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण खरी पडझड तिथे होते.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या शासन निर्णयाप्रमाणे, जुलै २०१९ पासून, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती पुरते. अल्पमतातल्या सभासदांना प्रकल्प अडवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितले आहे. मला ते मान्य आहे. दोघा-तिघांच्या हट्टापायी पन्नास कुटुंबांनी गळक्या छताखाली राहू नये. पण बहुमताने माणसाला घराबाहेर काढायचे असेल, तर तो बाहेर कुठे जातो हे पाहणारे कोणीतरी हवे. सहकार खात्याचा उपनिबंधक सभेचे कामकाज बघतो. महारेरा खरेदीदार बघते. आपण नकाशा बघता. माणूस कोणाच्याच टेबलावर येत नाही.

तो जातो भाड्याच्या घरात. बिल्डर दर महिन्याला ठरलेले भाडे देतो, दलाली देतो, सामान हलवायचा खर्च देतो. पस्तिशीतल्या जोडप्याला एवढे पुरते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईला हातात चेक देणे म्हणजे घर देणे नव्हे. एकतर घरमालक तिला घर देत नाही. 'आजी, तुमच्यासोबत कोण राहणार?' हा प्रश्न दलाल दारातच विचारतो. त्यातून मिळालेच, तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार. म्हणजे तीन वर्षांत किमान दोनदा पुन्हा सामान बांधायचे. त्यात एकाच वेळी एकाच पट्ट्यातल्या अनेक इमारती रिकाम्या होत असल्याने मुलुंडात भाडी वर जातात आणि म्हातारी माणसे डोंबिवली, बदलापूरकडे सरकतात. ओळखीचा डॉक्टर सुटतो. उधारीवर औषध देणारा आणि गोळी बदलली तर फोन करणारा केमिस्ट सुटतो. वीस वर्षे येणारी कामवाली सुटते, आणि एकट्या माणसाच्या घरात सकाळी सर्वांत आधी जाणारी तीच असते. बँक जुन्या पत्त्यावर, गॅस जुन्या पत्त्यावर, आधार कार्ड जुन्या पत्त्यावर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बदलापूरहून मुलुंडला लोकलने यायचे. आमच्याच गल्लीतल्या, आधी पुनर्विकासाला गेलेल्या एका संस्थेत चावी घ्यायला मूळ सभासदांपैकी किती जण आले आणि किती जणांचे वारस आले, ते तिथल्या सेक्रेटरीला एकदा विचारा.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर गोरेगावची पत्राचाळ आठवा. सिद्धार्थ नगरच्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ मध्ये झाला. घरे सोडली, भाडे बंद पडले, प्रकरण न्यायालयात आणि तपास यंत्रणांकडे गेले, आणि लोक पंधरा वर्षांहून जास्त काळ ताटकळले. घर सोडताना पासष्टीत असलेल्या माणसाच्या आयुष्यात पंधरा वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

भाडे बुडू नये याचा एक मार्ग याच शहरात सापडलेला आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेते. ७९ (अ) मध्येही प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी आणि दोन वर्षांत, अपवाद म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षांत, काम पूर्ण करणे लिहिलेले आहे. कागदावर. बँक गॅरंटी वाटाघाटीत कशी विरघळते, ते प्रत्येक मॅनेजिंग कमिटीला ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र असे एक हत्यार आहे जे वाटाघाटीत विरघळत नाही, ते म्हणजे सीसी, बांधकाम सुरू करायचा दाखला. पाडकामानंतर जोत्यापर्यंतची सीसी देताना दोन वर्षांचे भाडे वेगळ्या खात्यात जमा झाल्याचे पत्र मागा, पुढची सीसी देताना उरलेल्या काळाचे मागा. आणि पंचाहत्तरीपुढच्या, किंवा एकट्या राहणाऱ्या, किंवा अंथरुणाला खिळलेल्या सभासदाने मागितले तर बिल्डरने चेकऐवजी प्रत्यक्ष घर द्यावे, टी वॉर्डातच म्हणजे मुलुंडमध्येच, लिफ्ट असलेल्या इमारतीत, संपूर्ण काळासाठी एकच. अशी घरे एका प्रकल्पात आठ-दहाच लागतील. शेकडो कोटींच्या प्रकल्पात आठ-दहा घरे स्वतःच्या नावाने भाड्याने घेणे बिल्डरला जड नाही. मजूर, सॅम्पल फ्लॅट, सेल्स ऑफिस यांच्यासाठी तो जागा शोधतोच.

वरळीच्या बीडीडी चाळींचे उदाहरण मी जपून देते, कारण तिथला बिल्डर म्हणजे सरकार, आणि जमीनही सरकारची. तरी १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या आणि पुढची १२ वर्षे देखभाल म्हाडाने स्वतःकडे घेतली. मला त्यातला देखभालीचा भाग महत्त्वाचा वाटतो. आमच्या जुन्या इमारतीचा मेंटेनन्स महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात असतो. नव्या इमारतीत चार लिफ्ट, यांत्रिक पार्किंग, सांडपाणी प्रक्रिया, जनरेटर, अग्निशमनाचे पंप, तीन पाळ्यांचे पहारेकरी. हे सगळे चालवायला किती लागेल, ते जनरल बॉडीला सांगितले जात नाही. बिल्डर कॉर्पसची, म्हणजे पुढच्या खर्चासाठीची एकरकमी, रक्कम देतो. ती सभासदांच्या खात्यात जाते आणि बहुतेक घरांत नव्या फर्निचरमध्ये किंवा मुलाच्या कर्जात संपते. ईपीएस-९५ या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. कारखान्यांतून, गिरण्यांतून निवृत्त झालेले, याच पेन्शनवर जगणारे सभासद आमच्या तिन्ही संस्थांत आहेत. कोट्यवधींच्या घरात राहून मेंटेनन्सची थकबाकी असलेले म्हातारे हा या शहरातला नवा प्रकार आहे. तेव्हा प्रस्तावासोबत पहिल्या दहा वर्षांच्या देखभालखर्चाचा अंदाज मागा. यंत्रे नकाशात आहेत, मग त्यांचा खर्चही कागदावर येऊ द्या.

मोकळ्या जागेबद्दल थोडे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार १,००१ चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडाला मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. २,५०० पर्यंत १५ टक्के, १०,००० पर्यंत २० टक्के, त्यापुढे २५. तीन संस्था एकत्र आल्याने आमच्याकडे ती जागा सुटेल, हा एकत्रीकरणाचा मोठा फायदा आहे आणि त्याचे श्रेय मी बिल्डरला देते. पण आराखड्यात त्या जागेचा जेवढा भाग नियमाने वर नेता येतो तेवढा सगळा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, नेला आहे आणि जमिनीवरचा तुकडा मागच्या कुंपणाला, ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवला आहे. म्हाताऱ्या माणसाला बाग नको असते, त्याला फाटकाजवळ बसायला जागा हवी असते. येणारा-जाणारा दिसला पाहिजे, दूधवाला, शाळेची बस, भांडण. आमच्या आजच्या फाटकाशी एक सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी पाच ते सात तिथे जे चालते, त्याला मानसोपचाराची फी लावली तर कोणाला परवडणार नाही. नव्या नकाशात तिथे पार्किंग टॉवरची तोंडे आहेत. नियमावली फिटनेस सेंटरला एफएसआयमधून सूट देते. तशीच सूट देऊन तळमजल्यावर, फाटकाच्या दृष्टीच्या टप्प्यात, पाठ टेकता येईल अशी बसायची जागा आणि तिच्याजवळ एक संडास सक्तीचा करा. संडास लिहायला संकोच वाटतो, पण संडास नाही म्हणून खाली न उतरणारे लोक मला माहीत आहेत.

उंचीचे आणखी एक. ३२ मीटरपेक्षा उंच इमारतीत २४ मीटरच्या वर आश्रयाचा (आगीच्या वेळी सुटकेची वाट पाहत थांबायचा) मजला आणि पुढे दर सातव्या राहत्या मजल्यावर एक, असा नियम आहे. आग लागली की लिफ्ट वापरायची नाही. वॉकर घेऊन चालणारा माणूस तीन मजले उतरून आश्रयाच्या मजल्यावर जाईल, हे गृहीतक मला पटत नाही. जुन्या सभासदांना मजले चिठ्ठ्या टाकून वाटण्यात न्याय आहे असे सगळ्यांना वाटते. मलाही वाटायचे. पण चिठ्ठीला वय कळत नाही. ज्यांनी मागितले त्यांना आश्रयाच्या मजल्याला लागून असलेली किंवा खालची घरे आधी द्यावीत, मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. बिल्डरचे यात काही जात नाही, कारण वरचे मजले त्याला विकायचेच असतात. विरोध होईल तो आमच्याच सभेत, आणि तो मोडायला आपली एक अट कामी येईल.

आता लहान विंग. या कल्पनेवर सभेत पुष्कळ टवाळी झाली. 'श्रीमंतांचा वृद्धाश्रम' वगैरे. मी त्यात सामील नाही. विकास आराखडा २०३४ मध्ये वृद्धाश्रमासाठी राखीव जागा आहेत, पण पेन्शनवर जगणाऱ्या, मुलांवर ओझे न होऊ इच्छिणाऱ्या आणि तरीही वृद्धाश्रमात जायची गरज नसलेल्या माणसासाठी या शहरात काही नाही. जेवण तयार मिळते, रात्री कोणीतरी जागे असते, दार मात्र आपले असते, अशी घरे हवीत. माझी तक्रार इतकीच की ती घरे आम्हाला दाखवलीच नाहीत. आमच्या संस्थेतल्या निदान सहा-सात जणी अशा आहेत की त्यांना साडेसहाशे फुटांचे दोन बेडरूमचे घर झाडायचेही होत नाही. त्यांना लहान विंगमधले साडेतीनशे-चारशे फुटांचे घर घ्यायचा पर्याय द्या, आणि उरलेल्या क्षेत्राची किंमत बिल्डरने त्यांच्या नावे अशा ठेवीत घालावी की तिच्या व्याजातून जेवण आणि देखभाल भागेल. पुनर्वसनाचे क्षेत्र कमी झाले म्हणून बिल्डरचा प्रोत्साहनपर एफएसआय घटणार असेल तर तो घटू नये, एवढी सोय आपण करू शकता. मग तोच हा पर्याय घरोघर जाऊन समजावून सांगेल. बिल्डर पैशाच्या दिशेने वेगाने चालतो, ती दिशा ठरवणे आपल्या हातात आहे.

या पर्यायाला मुलांचा विरोध होईल, हे मला दिसते आहे. पुनर्विकासात घराची किंमत वाढते आणि वाढीव घराकडे किती डोळे लागलेले असतात, हे कराराच्या मसुद्यात अचानक घुसलेल्या सहमालकांच्या नावांवरून कळते. त्यात महापालिकेने पडू नये. फक्त पर्याय सभासदाला समोरासमोर, मुलांच्या अनुपस्थितीतही, समजावून सांगितल्याची नोंद असावी.

शेवटी सुनावणीबद्दल. माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिथे जवळच्या भूखंडावर इमारतीचा अर्ज आला की दोनशे फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना निदान दहा दिवस आधी कळवावे लागते आणि नगराच्या मंडळापुढे उघड सुनावणी होते. ज्येष्ठांच्या घरांच्या अशाच एका सुनावणीला ती गेली होती. तिने सांगितलेले सगळेच आदर्श नाही. शेजारी रहदारीचे निमित्त करून नवी घरे अडवतात, आणि खरी भीती कोण राहायला येईल याची असते. तसली सुनावणी मुंबईत आणली तर एकही इमारत उभी राहणार नाही. आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल असेल तर हरकती-सूचना मागवतात, पण एका इमारतीच्या नकाशावर तिथे राहणाऱ्यांचेही म्हणणे ऐकले जात नाही. आर्किटेक्ट ऑनलाइन नकाशा भरतो, संगणक मापे तपासतो, शेरे ऑनलाइन येतात. मला हवे आहे ते फारच थोडे : आयओडी (नकाशाची पहिली, अटींसह मंजुरी) देण्याआधी एकदा आपला सहायक अभियंता आणि वॉर्डाच्या आरोग्य विभागाचे कोणीतरी इमारतीत यावे, साठीपुढच्या सभासदांना तळमजल्यावर एकत्र बसवून, जे उतरू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन, दोन तास बोलावे. कमिटी नको, बिल्डरचा माणूस नको. झाडांसाठी आपला उद्यान विभाग जागेवर येतोच.

आणि ओसी देताना जुन्या सभासदांच्या विंगची आधी द्या. लहान विंगची पूर्ण किंवा अंशतः ओसी त्यानंतर. विक्रीची विंग राहती होऊन पुनर्वसनाची विंग प्लॅस्टरवर अडकल्याच्या इमारती मी नोकरीत असताना पाहिल्या आहेत. विकलेल्या घरांचे पैसे एकदा हातात आले की साइटवरचे मजूर कमी होत जातात.

आमचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात यातले काही नसेल, कारण मागणारा नियम नाही. सोबत एक पान जोडत आहे. ऑफिसातल्या सवयीने रेघा आखून काढले आहे. त्यात नावे नाहीत, फक्त रकाने आहेत : घर क्रमांक, मजला, राहणाऱ्यांचे वय (६० ते ७४, ७५ च्या पुढे), एकटे की सोबत, चालण्याची साधने, नियमित उपचार कुठे, मधल्या काळात चेक हवा की घर, नव्या इमारतीत कोणता मजला, बाथरूमचे माप, कोणती विंग. तिन्ही संस्थांतली माहिती भरून देण्याची माझी तयारी आहे. घरे ओळखीची आहेत, चहा प्रत्येक ठिकाणी मिळतो. ही माहिती घ्यायला आपल्या खात्यातील कोणाला पाठवायचे, ते कळवावे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही चालेल, त्या वेळेत बहुतेक जण झोपलेले असतात.

आपली,
एक सभासद
मुलुंड (पूर्व)

सोबत : रकान्यांचा नमुना, एक पान